विश्लेषण : पत्रिकेतला ‘हर्षल’ मुळात कोण? संगीत शिकवून पोट भरणाऱ्या हौशी माणसाने ग्रह कसा शोधला?

आज फोनवर दिसणाऱ्या अवकाशाच्या रंगीत प्रतिमांमागे २०० वर्षांपूर्वीच्या एका ऑर्गनवादकाची आणि त्याच्या बहिणीची मेहनत आहे. विल्यम आणि कॅरोलिन हर्शेल यांची ही गोष्ट.

‘जेम्स वेब’ दुर्बिणीच्या प्रतिमा आपल्या फोनवर इतक्या येतात की आपण त्या पाहतो, एखादी वॉलपेपर म्हणून ठेवतो आणि पुढे सरकतो. एप्रिल २०२५ मध्ये अशीच एक प्रतिमा आली होती. मधोमध तेजस्वी ठिपका, भोवती फुग्यासारखा पसरलेला वायू आणि त्याबाहेर धुळीची दोन धूसर कडी. या वस्तूचे नाव एनजीसी १५१४. ती वृषभ राशीत आहे, आपल्यापासून सुमारे १,५०० प्रकाशवर्षे दूर.

ही वस्तू माणसाने पहिल्यांदा पाहिली ती नोव्हेंबर १७९० मध्ये, इंग्लंडमधल्या स्लाउ या गावी, घराच्या आवारात उभ्या केलेल्या दुर्बिणीतून. ‘वेब’ने ती कडी ज्या अवरक्त किरणांत टिपली, ते किरण अस्तित्वात आहेत हेही त्याच माणसाने दहा वर्षांनी दाखवून दिले. त्याचे नाव विल्यम हर्शेल. खगोलशास्त्राचे कसलेही रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. वयाच्या ४३ व्या वर्षापर्यंत त्यांचे घर चालत होते ते संगीतावर.

‘हर्षल’ हे नाव आले कुठून?

आधी आपल्या घरातली गोष्ट. मराठी पंचांगात आणि जन्मपत्रिकेत शनीच्या पुढचा एक ग्रह ‘हर्षल’ म्हणून दाखवतात. शाळेच्या पुस्तकातला युरेनस तो हाच. मुलांचे ‘हर्षल’ हे नाव हर्ष या शब्दाशी जोडलेले आहे, ते वेगळे. पत्रिकेतला हर्षल मात्र थेट एका जर्मन आडनावावरून आला आहे.

ग्रह सापडल्यावर त्याला काय म्हणायचे यावर बराच घोळ झाला. हर्शेल यांनी इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या नावाने ‘जॉर्जचा तारा’ असे नाव सुचवले. इंग्लंडबाहेर ते कोणाला पटणार? फ्रान्समध्ये ग्रहाला शोधकाचेच नाव दिले गेले. जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहान बोडे यांनी ग्रीक पुराणकथेतून ‘युरेनस’ सुचवले. पुढे तेच रूढ झाले, पण ब्रिटिशांच्या नाविक पंचांगात जॉर्जचे नाव १८५० च्या सुमारापर्यंत टिकून होते. ग्रहाच्या खुणेत इंग्रजी एच अक्षर आहे, तेही हर्शेल यांचेच. आपल्याकडे या सगळ्यातले शोधकाचे नाव रुजले आणि मराठी जिभेवर त्याचे हर्षल झाले. पत्रिका दाखवायला गेलेल्या किती जणांना आपण एका बँडवाल्याच्या मुलाचे नाव घेतोय हे माहीत असेल?

बँडवाल्याचा मुलगा इंग्लंडला का आला?

विल्यम यांचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ चा, जर्मनीतल्या हॅनोव्हरमधला. वडील आयझॅक हे तिथल्या फौजेच्या बँडमध्ये ओबो वाजवायचे. मुलगाही किशोरवयातच त्याच बँडमध्ये लागला. तेव्हा हॅनोव्हर आणि इंग्लंड यांचा राजा एकच होता. १७५७ मध्ये हास्टनबेकच्या लढाईत हॅनोव्हरच्या बाजूचा पराभव झाला आणि त्याच वर्षी १८-१९ वर्षांचे विल्यम भावासोबत इंग्लंडला निघून आले. जवळ पैसे नव्हते. सुरुवातीला नोटेशनच्या नकला करून दिवस काढले, मग उत्तर इंग्लंडमध्ये शिकवण्या, मैफली. या काळात त्यांनी २४ सिंफनी रचल्या. १७६६ मध्ये बाथ शहरातल्या ऑक्टॅगन चॅपलमध्ये ऑर्गनवादकाची जागा मिळाली आणि गाडी रुळावर आली. बाथ हे श्रीमंतांचे हवापालटाचे शहर, त्यामुळे शिष्यांना तोटा नव्हता.

खगोलशास्त्राकडे ते संगीताच्याच वाटेने आले. सुरांमागचे गणित समजून घ्यायला त्यांनी रॉबर्ट स्मिथ यांचे एक पुस्तक वाचले. त्याच लेखकाचे प्रकाशशास्त्रावरचे पुस्तकही होते, ते उघडले आणि त्यात दुर्बिणी कशा बनवायच्या हे सापडले. एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात रात्रीचे दोन वाजतात, त्यातलाच प्रकार. मे १७७३ मध्ये त्यांनी जेम्स फर्ग्युसन यांचे खगोलशास्त्राचे पुस्तक विकत घेतले. तेव्हा ते ३४ वर्षांचे होते आणि दिवसभर शिकवण्या घेत होते.

आधी त्यांनी एक लहान दुर्बीण भाड्याने आणली. समाधान झाले नाही. मोठा आरसा विकत घ्यायला गेले तर किंमत आवाक्याबाहेर आणि हवा त्या मापाचा तयारही मिळेना. मग बाथमध्येच आरसे घासण्याचा नाद असलेल्या एका माणसाने तो नाद सोडताना आपली हत्यारे आणि अर्धवट आरसे विकायला काढले, ते त्यांनी घेतले. कॅमेरा, गिटार, थ्रीडी प्रिंटर यांपैकी काहीही सेकंडहँड घेऊन छंद सुरू केलेल्या माणसाला हे लगेच कळेल.

घरात आरसा कसा बनवायचे?

आजच्या दुर्बिणीचा आरसा म्हणजे काच आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर. हर्शेल यांच्या काळात अख्खा आरसा धातूचा असे. तांबे आणि कथील यांचा हा मिश्रधातू पांढरट, चकचकीत आणि काचेसारखा ठिसूळ. कथील वाढवले तर चमक वाढते, पण थंड होताना आरसा तडकतो. तांबे वाढवले तर तडकत नाही, पण लवकर काळा पडतो. हर्शेल यांनी वेगवेगळी प्रमाणे घेऊन, ओतून, फोडून पाहिली. इंजिनीअरिंगला मटेरियल सायन्सचा पेपर देताना मला हे कोणी सांगितले असते तर तो विषय जरा बरा वाटला असता.

ओतून झाल्यावर खरे काम सुरू व्हायचे. अंतर्गोल पृष्ठभाग घासून त्याला अचूक आकार द्यायचा, मग पॉलिश. पॉलिश मधेच थांबवले तर पृष्ठभाग बिघडण्याची भीती. एकदा तर त्यांनी सलग १६ तास आरशावरून हात उचलला नाही. त्या वेळी धाकटी बहीण कॅरोलिन त्यांच्या तोंडात घास भरवत होती. वेळ जावा म्हणून ती ‘डॉन किहोटे’ आणि अरबी सुरस कथा वाचूनही दाखवायची.

ऑगस्ट १७८१ मध्ये त्यांनी तळघरात ३६ इंच व्यासाचा आरसा ओतायला घेतला. साचा माती आणि घोड्याच्या लिदीचा. ही लीद खलबत्त्यात कुटून चाळायचे काम कॅरोलिनकडे होते. पहिला आरसा थंड होताना तडकला. दुसऱ्या वेळी भट्टीतूनच गळती झाली आणि २०० किलोंहून अधिक वितळलेला धातू फरशीवर पसरला. दगडी फरशा तापून फुटल्या, तुकडे छतापर्यंत उडाले. कामगार आणि दोघे भाऊ दाराबाहेर पळाले. विल्यम विटांच्या ढिगाऱ्यावर जाऊन कोसळले. सुदैवाने जीव गेला नाही. त्या घरात रोज संगीताच्या शिकवण्याही चालू होत्या, हे लक्षात ठेवायला हवे.

पण छोटे आरसे जमले होते आणि ते अप्रतिम होते. डिसेंबर १७७९ मध्ये हर्शेल घरासमोर रस्त्यावरच दुर्बीण लावून चंद्र पाहत होते. अंगणातून चंद्र दिसत नव्हता, म्हणून ते रस्त्यावर आले होते. तिथून जाणाऱ्या एका गृहस्थाने थांबून जरा बघू देता का असे विचारले. हे गृहस्थ म्हणजे डॉ. विल्यम वॉटसन, रॉयल सोसायटीचे सदस्य. दुसऱ्या दिवशी ते आभार मानायला घरी आले आणि पुढे जन्मभराचे मित्र झाले. हर्शेल यांचे निबंध लंडनपर्यंत पोहोचले ते वॉटसन यांच्यामुळे.

१३ मार्च १७८१ च्या रात्री काय दिसले?

त्या मंगळवारी रात्री १० ते ११ च्या दरम्यान हर्शेल बाथमधल्या न्यू किंग स्ट्रीटवरच्या घरामागच्या बागेत होते. दुर्बीण सात फूट लांबीची, आरसा सव्वासहा इंचांहून किंचित लहान. ग्रह शोधणे त्यांच्या मनातही नव्हते. ते आकाशातल्या जोडताऱ्यांची यादी करत होते, एकेक तारा तपासत. वृषभ आणि मिथुन राशींच्या सीमेवर त्यांना एक तारा बाकीच्यांपेक्षा वेगळा वाटला.

वेगळा म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखे आहे. तारे इतके दूर आहेत की दुर्बिणीची वर्धनक्षमता कितीही वाढवली तरी ते बिंदूच राहतात. ग्रह किंवा धूमकेतू जवळ असतो, त्याला चकतीसारखा आकार असतो, वर्धनक्षमता वाढवली की ती चकती मोठी होते. हर्शेल यांनी २२७ पट वर्धनाचे भिंग काढून ४६० पटीचे लावले, मग ९३२ पटीचे. ठिपका त्या प्रमाणात मोठा झाला. शेजारचे तारे होते तसेच राहिले. चार दिवसांनी पुन्हा पाहिले तर तो जागेवरून सरकलेला होता.

त्यांना वाटले धूमकेतू आहे. रॉयल सोसायटीला पाठवलेल्या निबंधातही त्यांनी तसेच लिहिले. पण धूमकेतूला शेपटी नव्हती, कडा धूसर नव्हती. युरोपातल्या गणितज्ञांनी कक्षा काढायला घेतली. रशियात काम करणाऱ्या लेक्सेल यांच्या गणितात ती जवळपास वर्तुळाकार आली, शनीच्या सुमारे दुप्पट अंतरावर. म्हणजे हा ग्रह होता. बुध ते शनी हे ग्रह माणसाला इतिहासाच्या आधीपासून ठाऊक होते. शोध लागलेला असा हा पहिला ग्रह. सूर्यमालेचा ज्ञात पसारा एका झटक्यात दुप्पट झाला.

यात नशीब किती? युरेनस अगदी अंधाऱ्या जागेवरून साध्या डोळ्यांनाही जेमतेम दिसतो. हर्शेल यांच्या आधी तो अनेकांनी पाहिलाही होता. ग्रीनिचचे राजखगोलशास्त्रज्ञ फ्लॅमस्टीड यांनी १६९० मध्ये त्याची तारा म्हणून नोंद केली होती. फ्रान्सच्या ल मोनिए यांनी तर तो अनेकदा नोंदवला आणि प्रत्येक वेळी सोडून दिला. त्यांच्याकडे पदे होती, सरकारी वेधशाळा होत्या. हर्शेल यांच्याकडे स्वतः घासलेला आरसा होता आणि सवय झालेला डोळा. पाहणे हीसुद्धा वाद्यासारखी रियाजाने येणारी गोष्ट आहे, असे ते मानत.

लंडनमधल्या तज्ज्ञांचा मात्र त्यांच्या वर्धनाच्या आकड्यांवर विश्वास बसेना. इतके वर्धन देणारी दुर्बीण एका संगीत शिक्षकाकडे असेलच कशी? काहींना तर त्याचे डोके ठिकाणावर नाही असे वाटत होते. १७८२ मध्ये हर्शेल आपली दुर्बीण घेऊन ग्रीनिचला गेले. राजखगोलशास्त्रज्ञ मॅस्कलिन यांच्या दुर्बिणींशेजारी ती लावली गेली. हर्शेल यांची दुर्बीण सरस ठरली.

राजाची नोकरी परवडली का?

खरे तर नाही. तिसऱ्या जॉर्जने त्यांना वर्षाला २०० पौंड पगार दिला. काम एवढेच की विंडसरच्या राजवाड्याजवळ राहायचे आणि राजघराण्याला अधूनमधून आकाश दाखवायचे. संगीतातून ते चांगल्या वर्षी याच्या जवळपास दुप्पट कमवत होते. तरीही त्यांनी शिकवण्या बंद केल्या आणि १७८२ च्या उन्हाळ्यात बाथ सोडले. छंदाला पूर्ण वेळ देता यावा म्हणून अर्ध्या पगारावर जाणारा माणूस आजही घरच्यांना पटवून देऊ शकणार नाही. तूट भरून काढायला ते दुर्बिणी बनवून विकू लागले. आयुष्यभरात त्यांच्या हातून ४०० हून अधिक आरसे झाले. स्पेनच्या राजानेही त्यांच्याकडून दुर्बीण घेतली.

या निर्णयाची किंमत एकट्या विल्यम यांनी मोजली नाही.

कॅरोलिन यांनी काय सोडले?

कॅरोलिन विल्यम यांच्यापेक्षा अकराहून अधिक वर्षांनी लहान. दहाव्या वर्षी विषमज्वरासारख्या तापाने गाठले आणि उंची सव्वाचार फुटांवर खुंटली. हिचे लग्न होणार नाही, हे घरच्यांनी धरून चालले होते. आईने तिला घरकामाला जुंपले, शिकू दिले नाही. १७७२ मध्ये विल्यम तिला बाथला घेऊन आले. त्यासाठी त्यांनी आईला वर्षाला ठरावीक रक्कम देण्याचे कबूल केले, मुलीच्या जागी मोलकरीण ठेवता यावी म्हणून. हा तपशील वाचून वाईट वाटते, पण व्यवहार असाच झाला.

बाथमध्ये विल्यम यांनी त्यांना गायन शिकवले आणि त्या चांगल्या गायिका झाल्या. हेंडेलच्या ‘मसाया’सारख्या रचनांत त्या मुख्य भाग गात. बाहेरगावच्या संगीत महोत्सवाचे बोलावणेही आले होते. भाऊ संचालन करत नसेल तिथे आपण गाणार नाही, असे सांगून त्यांनी ते नाकारले. आणि मग भावाने संगीतच सोडले. कॅरोलिन तेव्हा ३२ वर्षांच्या होत्या. हातात आलेले, स्वतःचे म्हणता येईल असे एकमेव करिअर संपले. त्यांना कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

त्यांनी नवे काम शिकून घेतले. गणिताची सारणी त्यांना पाठ होत नव्हती, म्हणून त्या कागदावर लिहून जवळ ठेवत. त्या रात्री दोघे मिळून ‘झाडणी’ करत, म्हणजे आकाश पट्ट्यापट्ट्यांनी विंचरून काढत. विल्यम शिडीवर चढून वीस फुटी दुर्बिणीच्या नेत्रिकेला डोळा लावून उभे. जे दिसेल ते ओरडून सांगायचे. कॅरोलिन खिडकीशी दिवा, घड्याळ आणि नोंदवही घेऊन बसलेल्या. वेळ आणि स्थान लिहायचे, भावाचे शब्द परत म्हणून खात्री करायची. विल्यम यांनी स्वतः लिहिले असते तर प्रत्येक नोंदीला दिव्याकडे पाहावे लागले असते आणि अंधाराला सरावलेला डोळा पुन्हा सरावायला वेळ गेला असता. कडाक्याच्या थंडीत शाई गोठायची. सकाळी कॅरोलिन सगळ्या नोंदी स्वच्छ करून, गणिते करून ठेवायच्या.

३१ डिसेंबर १७८३ ची रात्र. जमिनीवर बर्फ होता. दुर्बिणीचा सांगाडा सरकवण्यासाठी धावताना कॅरोलिन यांचा पाय बर्फाखालच्या लोखंडी आकड्यात अडकला. गुडघ्याच्या वरच्या मांसाचा लचका निघाला. त्यांनी स्वतःच मलमपट्टी केली. नंतर ढग आले आणि त्या रात्रीचे फारसे काही बुडले नाही, याचे त्यांना समाधान वाटले.

१७८३ ते १८०२ या काळात या जोडीने सुमारे २,५०० तेजोमेघ आणि तारकागुच्छ नोंदवले. त्याआधी फ्रान्सच्या मेसिए यांच्या प्रसिद्ध यादीत अशा जेमतेम १०० वस्तू होत्या. आज ज्या सुंदर वस्तूंच्या प्रतिमा आपण पाहतो, त्यांच्या नावातले ‘एनजीसी’ म्हणजे १८८८ ची एक मोठी सूची. तिचा पाया हर्शेल घराण्याच्या याद्या.

विल्यम परगावी असताना १ ऑगस्ट १७८६ रोजी कॅरोलिन यांना स्वतःच्या लहान दुर्बिणीतून एक धूमकेतू सापडला. पुढच्या काही वर्षांत त्यांनी एकूण आठ शोधले. १७८७ पासून राजाने त्यांना भावाच्या मदतनीस म्हणून वर्षाला ५० पौंड सुरू केले. विज्ञानाच्या कामासाठी पगार मिळालेली इंग्लंडमधली ही पहिली स्त्री मानली जाते. वयाच्या ३७ व्या वर्षी हातात आलेली ती पहिली स्वतःची कमाई.

१७८८ मध्ये विल्यम यांनी मेरी पिट या विधवेशी लग्न केले आणि कॅरोलिन भाड्याच्या खोलीत राहायला गेल्या. काम करायला त्या रोज येत राहिल्या. त्या दहा वर्षांच्या डायऱ्या त्यांनी पुढे स्वतः नष्ट केल्या. वहिनीशी आणि भाच्याशी नंतर त्यांचे फार जिव्हाळ्याचे संबंध झाले, कदाचित म्हणूनच. त्या ९७ वर्षे जगल्या. १८२८ मध्ये लंडनच्या खगोलशास्त्र संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले, तेव्हा विल्यम जाऊन सहा वर्षे झाली होती.

हर्शेल यांना हे रंग दिसत होते का?

या विषयावर लिहायला घेतले ते खरे तर या प्रश्नासाठी. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मित्रांबरोबर एका आकाशदर्शनाला गेलो होतो. मृगाच्या तीन ताऱ्यांखालचा तेजोमेघ दाखवणार होते. डोक्यात फोटोतला गुलाबी-जांभळा भडका. रांगेत उभे राहून डोळा लावला तर करड्या रंगाचा धुरकट डाग. मागचा म्हणाला, दिसला का? मी हो म्हणालो, पण फसवणूक झाल्यासारखे वाटले.

यात दुर्बिणीचा दोष नाही. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. शिवाय डोळा प्रकाश साठवत नाही, क्षणाक्षणाचे चित्र पुढे पाठवतो. कॅमेरा तासन्‌तास प्रकाश गोळा करू शकतो. ‘वेब’च्या प्रतिमांत तर मूळ किरणच आपल्याला न दिसणारे असतात, त्यांच्या वेगवेगळ्या तरंगलांबींना शास्त्रज्ञ आपल्याला दिसणारे रंग नेमून देतात. खोटे नसते ते. नकाशात डोंगर तपकिरी दाखवतात तसे.

म्हणजे हर्शेल यांनाही जवळजवळ सगळे करडेच दिसले. ४७ सेंटिमीटरच्या धातूच्या आरशातून, निम्माअधिक प्रकाश हरवल्यावर उरलेले. मार्च १७७४ मध्ये त्यांच्या निरीक्षणवहीची सुरुवात होते तीही शनीच्या कड्याने आणि मृगातल्या याच तेजोमेघाने. या एकाच डागाकडे ते पुढे अनेक वर्षे परत परत जात राहिले, आकार बदलला का ते तपासत. हे कळल्यावर मी त्या आकाशदर्शनाबद्दलचे माझे मत बदलले आहे.

आणि एनजीसी १५१४? त्याआधी हर्शेल यांची समजूत होती की सगळे तेजोमेघ म्हणजे दूरचे तारकासमूह, पुरेशी मोठी दुर्बीण असेल तर सुटे तारे दिसतील. १३ नोव्हेंबर १७९० च्या रात्री त्यांना एका ताऱ्याभोवती अगदी फिकट प्रभामंडळ दिसले, आणि तो तारा बरोबर मध्यावर. तो उजेड ताऱ्यांचा असेल तर ते तारे कमालीचे लहान असायला हवेत, नाहीतर मधला एक तारा राक्षसी. दोन्ही पटेना. म्हणजे हा उजेड ताऱ्याभोवतीच्या कसल्याशा पातळ द्रव्याचा आहे, असे त्यांनी मानले आणि स्वतःचेच मत मागे घेतले. आज आपल्याला माहीत आहे की म्हातारा होत चाललेला तारा आपले बाहेरचे थर अवकाशात सोडतो, त्याचा हा वायू. मधला ठिपका एक तारा नसून जोडतारा आहे, हे मात्र जोडताऱ्यांचा तज्ज्ञ असूनही हर्शेल यांना दिसणे शक्य नव्हते. अशा वस्तूंना त्यांनी ‘ग्रहीय तेजोमेघ’ म्हटले होते, कारण लहान दुर्बिणीत त्या ग्रहासारख्या चकत्या दिसतात. ग्रहांशी काही संबंध नाही, पण नाव चिकटले ते चिकटलेच.

अवरक्त किरण कसे सापडले?

१८०० साल. हर्शेल सूर्यावरचे डाग पाहत होते. डोळे वाचवायला वेगवेगळ्या रंगांच्या काचा लावून. काही काचांतून उजेड कमी येई पण डोळ्याला चटका बसे, काहींतून उलटे. म्हणजे प्रत्येक रंगाची उष्णता वेगळी आहे का? त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा टेबलावर पाडला. काळा फुगा असलेला एक थर्मामीटर रंगात आणि तुलनेसाठी इतर थर्मामीटर बाजूला. जांभळ्यात पारा थोडा चढला, हिरव्यात जास्त, लालमध्ये आणखी. मग थर्मामीटर लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे सरकवला. पारा सर्वात जास्त तिथे चढला.

इथे एक तांत्रिक गोष्ट. सूर्याची सर्वाधिक ऊर्जा लालच्या पलीकडे असते, असा याचा अर्थ नाही. काचेचा लोलक लाल बाजूचे किरण दाटीवाटीने एकत्र आणतो, म्हणून तिथे पारा जास्त चढतो. पण न दिसणारे किरण आहेत, हा मूळ निष्कर्ष पक्का होता. टीव्हीचा रिमोट, ताप मोजायची बंदूक आणि ‘वेब’ दुर्बीण यांचा धागा त्या टेबलापर्यंत जातो. युरोपीय अवकाश संस्थेने २००९ मध्ये सोडलेल्या साडेतीन मीटर आरशाच्या अवरक्त दुर्बिणीला ‘हर्शेल’ हेच नाव दिले होते. थंड ठेवणारा हेलियम संपला आणि २०१३ मध्ये ती बंद झाली.

त्यांचे काही चुकलेही का?

भरपूर. सूर्याच्या तेजस्वी आवरणाखाली थंड जमीन असावी आणि तिथे वस्तीही असावी, असे त्यांनी १७९५ मध्ये गंभीरपणे मांडले. युरेनसचे टायटानिया आणि ओबेरॉन हे दोन चंद्र त्यांनी १७८७ मध्ये बरोबर शोधले, पण नंतर जाहीर केलेले चार चंद्र नव्हतेच.

सर्वात महागडी चूक म्हणजे चाळीस फुटी दुर्बीण. राजाने तिच्यासाठी ४,००० पौंड दिले. नळी इतकी मोठी की पूर्ण होण्याआधी पाहुणे तिच्यातून चालत जायचे, राजासकट. आरसा चार फूट व्यासाचा, सुमारे टनभर वजनाचा. १७८९ मध्ये शनीचे एन्सेलाडस आणि मायमस हे चंद्र नोंदवताना ती उपयोगी पडली. पण हलवायला अनेक माणसे लागत, आरसा दमट हवेत काळा पडे आणि इंग्लंडमध्ये इतक्या मोठ्या दुर्बिणीला साजेशा रात्री मोजक्याच. हर्शेल बहुतेक काम जुन्या वीस फुटी दुर्बिणीवरच करत राहिले. मात्र राजाने पैसे दिले असल्याने हे उघड बोलायची सोय नव्हती.

२५ ऑगस्ट १८२२ रोजी विल्यम गेले, वयाच्या ८३ व्या वर्षी. युरेनसला सूर्याभोवती एक फेरी घालायला ८४ वर्षे लागतात. ज्या जागी तो त्यांना १७८१ मध्ये दिसला होता, वृषभ-मिथुनच्या त्या सीमेवर तो त्यानंतर १८६५ आणि १९४९ मध्ये आला. आता येईल २०३३ मध्ये. अंधारी जागा आणि साधी द्विनेत्री असेल तर शोधता येतो. फिकट हिरवट-निळा ठिपका, एवढेच दिसेल.

मुलगा जॉन हाही मोठा खगोलशास्त्रज्ञ झाला. फोटो कायम टिकवण्यासाठी लागणाऱ्या ‘हायपो’ या रसायनाचा उपयोग त्याने दाखवून दिला. १८३९ मध्ये चाळीस फुटी दुर्बिणीचा सांगाडा कुजला होता, तो उतरवायचे ठरले. त्याआधी जॉन यांनी काचेच्या एका गोल तुकड्यावर त्याचा फोटो घेतला. काचेवरच्या जगातल्या सर्वात जुन्या फोटोंपैकी तो एक, अजून जपून ठेवलेला आहे. त्यात लाकडी वाशांची आडवीतिडवी चौकट तेवढी ओळखू येते. त्या दुर्बिणीतून दिसलेल्या आकाशाचा एकही फोटो नाही.